'इंटिग्रेशन' (१९६९): अमान्सियो डिसिल्वांची गिटार आणि आपलं कोकण

पेटीचा सूर | ५ जुलै, रात्री १०.२०

मंडळी, नमस्कार.

तीन आठवड्यांपूर्वी मुंबईहून भाच्याने एक दुवा पाठवला. सोबत एवढंच लिहिलं होतं, "मामा, लंडनमध्ये एका गिटारवाल्याने 'कोकण डान्स' नावाची रेकॉर्ड केली होती, तुला ठाऊक होतं?" मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री ती ऐकली, मग त्याच माणसाचं आधीचं काम शोधत गेलो आणि १९६९ सालच्या 'इंटिग्रेशन'पाशी येऊन थांबलो. तेव्हापासून तेच चालू आहे. कुडाळजवळच्या आमच्या गावात पाऊस लागला की वीज संध्याकाळी जाते ती रात्रीच येते. तेवढा वेळ पडवीत बसून कानाला लावायचं आणि ऐकायचं.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे मी कुठून ऐकतोय ते कळेल. तीस वर्षं भजनात पेटी वाजवतो. डबलबाऱ्या, म्हणजे दोन भजनी बुवांचे सामने, केल्या, सप्ताहात रात्री काढल्या. जाझ आयुष्यात ऐकलं नव्हतं.

अमान्सियो डिसिल्वा यांचा जन्म १९३६ सालचा, मुंबईतला. घराणं गोव्याचं. तरुणपणी हिंदुस्थानात हॉटेलांतून, क्लबांतून वाजवलं. जयपूरच्या महाराणी गायत्री देवींना त्यांचं वाजवणं आवडलं आणि त्यांनी डिसिल्वांना गिब्सन गिटार घेऊन दिली. पत्नी जॉइस आयर्लंडच्या. मुलाच्या उपचारासाठी हे कुटुंब १९६७ मध्ये लंडनला गेलं आणि डिसिल्वा तिथलेच झाले. १९९६ मध्ये ते गेले.

लंडनमध्ये डेनिस प्रेस्टन नावाच्या निर्मात्याने त्यांना हेरलं. 'इंटिग्रेशन' त्यांच्याच लॅन्सडाउन मालिकेत, कोलंबिया या छापाखाली निघाला. माणसं पाच. डिसिल्वांची गिटार, डॉन रेंडेल यांचा सॅक्सोफोन, इयन कार यांचा ट्रंपेट आणि फ्लुगलहॉर्न, डेव्ह ग्रीन यांचा बास आणि ट्रेव्हर टॉमकिन्स यांचे ड्रम्स. गाणारं कोणी नाही. तुकड्यांची नावं अशी: 'जयपूर', 'गँजेस', 'वुई टेल यू धिस', 'क्राय फ्री', 'अ स्ट्रीट इन बॉम्बे', 'महाराणी', 'जॉइस कंट्री'.

आता मला जे सांगायचंय ते. वाद्यांची यादी नीट बघा. तबला नाही. सतार नाही. तंबोराही नाही. साल १९६९. तेव्हा लंडनमध्ये सतारीचं केवढं वेड होतं ते आपण सगळे वाचून आहोत, गिटारवाल्या पोरांच्या टोळ्यासुद्धा सतार घेऊन बसत होत्या. आणि खुद्द हिंदुस्थानातून गेलेला हा माणूस 'गंगा' आणि 'जयपूर' अशा नावांचे तुकडे करतो आणि त्यात एकही देशी वाद्य घेत नाही. तरीही पहिल्या दोन मिनिटांत मला घरचं काही ऐकल्यासारखं वाटलं. का, याचा मी तीन आठवडे विचार करतोय.

मला सापडलेलं उत्तर पेटीतून आलंय. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, निघत नाही. दोन पट्ट्यांच्या मधला सूर पेटीत नाहीच. म्हणून पेटीवाला आयुष्यभर एकच गोष्ट शिकत असतो, नसलेली मींड ऐकणाऱ्याला कशी भासवायची. पुढच्या सुराला आधीच्या सुराचा कण लावायचा, एक पट्टी सुटायच्या आत दुसरी धरायची, भात्याचा दाब सूर बदलताना किंचित सोडायचा. गिटारच्या दांड्यावरही धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, म्हणजे तिथेही सूर ठरलेल्या घरांत बसलेले. डिसिल्वा त्या घरांमधून ये-जा करतात तेव्हा मला माझ्या बोटांचीच धडपड ऐकू येते, आणि ती इतक्या वरच्या पातळीला गेलेली की ऐकता ऐकता हात आपोआप मांडीवर पट्ट्या शोधायला लागतो. सूर घ्यायची रीत आपली आहे, वाद्यं कुठलीही असोत. 'इंटिग्रेशन' म्हणजे मिसळून एक होणं. पाण्यात मीठ विरघळतं तसं, वेगळं काढून दाखवता येत नाही असं.

इथे जाझ जाणणारे, गिटार वाजवणारे आणि गोव्याकडचे सभासद आहेत म्हणून धागा काढला. माझं ऐकणं चुकत असेल तर सांगा. आणि जाझ ऐकताना आपण नेमकं कुठे आहोत, म्हणजे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कुठे, हे कसं ओळखायचं तेही कोणी समजावून सांगा.

---

सुपारीची बाग | ५ जुलै, रात्री ११.०५

वाचनखूण साठवली. पेटी आणि गिटारचं पटलं. माझ्याकडून प्रश्न एकच, तुमच्याच शेवटच्या प्रश्नाला जोडून. मी दोनदा जाझ ऐकायचा प्रयत्न केला होता. सुरुवातीची चाल बरी वाटते, मग जो तो आपापलं काहीतरी वाजवत सुटतो आणि मी हरवते. हरवू नये म्हणून काय करायचं?

---

सहावी तार | ६ जुलै, सकाळी ७.४०

सुंदर धागा! रत्नागिरीत गिटार शिकवतो, त्यामुळे राहवलं नाही. सविस्तर लिहितो.

आधी सुपारीची बाग यांना. जो तो आपापलं वाजवत सुटत नाही, हे मनात पक्कं धरा. सुरुवातीला जी चाल सगळे मिळून वाजवतात तिला वादक 'हेड' म्हणतात. त्या चालीची लांबी ठरलेली असते आणि तिच्याखाली कोणत्या जागी कोणता कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, येणार तेही ठरलेलं असतं. जुन्या गाण्यांत नेहमी आढळणारी चौकट बत्तीस बारची. आठ-आठ बारचे चार तुकडे, त्यांत पहिला, दुसरा आणि चौथा सारखा, तिसरा वेगळा. एका बारात चार मात्रा धरल्या तर हे १२८ मात्रांचं आवर्तन झालं. ब्लूजची चौकट बारा बारची, म्हणजे ४८ मात्रा. हेड संपलं की ते आवर्तन तसंच फिरत राहतं, फक्त चाल वरून काढून घेतलेली असते. मग एकेक जण तिच्या जागी स्वतःची चाल रचतो, तो त्याचा सोलो. शेवटी सगळे पुन्हा हेडवर येतात.

म्हणून उपाय साधा आहे. हेड पाठ होईपर्यंत फक्त सुरुवात ऐका, चार-पाच वेळा. मग पुढे जाऊ द्या आणि सोलो चालू असताना हेड मनात गुणगुणत राहा. तुमचं गुणगुणणं जिथे पहिल्या सुरावर परत येईल तिथेच वादकही वळलेला असेल. तीच सम.

दुसरा टेकू बासचा. कान तिथे ठेवला तर सहसा हरवायला होत नाही, कारण पायवाट तोच घालत असतो. मात्र १९६९ पर्यंत मोडल जाझही रुळलं होतं. त्यात कॉर्ड भराभर बदलत नाहीत, एका स्वरसप्तकावर बराच वेळ मुक्काम असतो. आपल्या कानाला हे पटकन आवडतं, कारण एक षड्ज धरून बसणं आपल्याला सवयीचं आहे. डिसिल्वांना लंडनच्या त्या मंडळींत जागा मिळाली याचं हेही एक कारण मला वाटतं, दोन्ही बाजूंनी रस्ता तयार होता.

आता ती मंडळी कोण ते सांगायला हवं. रेंडेल आणि कार यांचा पाच जणांचा वाद्यवृंद १९६३ पासून वाजवत होता, ब्रिटिश जाझमधला पहिल्या रांगेतला. ग्रीन आणि टॉमकिन्स त्यातलेच. पाचवे होते पियानोवादक मायकल गॅरिक. 'इंटिग्रेशन'मध्ये पियानो नाही आणि त्या जागी गिटार आहे. एवढ्या एका बदलाने केवढा फरक पडतो बघा. पियानोवाला दहा बोटांनी कॉर्ड भरत असतो, सगळी हवा व्यापतो. इथे रेंडेल किंवा कार वाजवतात तेव्हा मागे गिटारचे तुरळक कॉर्ड असतात. आणि गिटारचा सोलो सुरू झाला की कॉर्ड द्यायला कोणी उरतच नाही, खाली फक्त बास आणि ड्रम्स. एकेक सूर उघड्यावर येतो. पेटीचा सूर, तुम्हाला कण आणि जोडणी इतकी स्पष्ट ऐकू येण्याचं अर्धं कारण हे आहे.

उरलेलं अर्धं तारांत. त्या काळच्या जाझ गिटारला साधारणपणे जाड तारा लावत, तिसरी तारसुद्धा वेटोळलेली. रॉकवाले पातळ तारा ओढून सूर चढवतात तसं त्या तारांवर फारसं जमत नाही. म्हणून मग बोट सरकवणं, कण लावणं, खालच्या सुरावरून बोट आपटून वर जाणं, हीच साधनं राहतात. तुम्ही पेटीवर जे करता तेच. तुमचं ऐकणं अजिबात चुकत नाहीये.

फ्लुगलहॉर्नबद्दल दोन ओळी. दिसायला ट्रंपेटसारखाच, पण त्याची नळी निमुळत्या टोकापासून रुंद होत जाते, त्यामुळे आवाजाची धार मोडते आणि तो गोल, मऊ होतो. गिटारच्या बरोबरीने चाल वाजवायला तो फार शोभतो. ट्रंपेट गिटारला सहज झाकून टाकतो.

---

आख्यान | ६ जुलै, दुपारी १.१५

माका जाझ कळणा नाय. पण सहावी तार यांनी लिवलेला वाचलंय आणि माका आमच्या नाटकातलो पेटीवालो आठवलो.

प्रमाण भाषेत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. दशावतारात हौशीने पंधरा वर्षं काम केलं. आमच्याकडे संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कोण राजा, कोण ऋषी, कोण राक्षस ते ठरतं, प्रसंग कुठल्या क्रमाने येणार ते ठरतं. बाकी रंगमंचावर उभं राहून बोलायचं. समोरचा काय बोलला त्याच्यावर आपलं बोलणं. कधी समोरचा असा काही मुद्दा काढतो की पुराणातलं उत्तर तिथल्या तिथे आठवावं लागतं. पेटीवाला आणि पखवाजवाला आमच्या तोंडाकडे बघत असतात. आवाज चढला की ते चढतात, पद येणार हे त्यांना आमच्या श्वासावरून कळतं.

कॉर्डांची चौकट ठरलेली आणि चाल जागेवर रचायची, हे वाचून मला वाटलं की हे तर आपलंच. रात्रभर चाललेलं नाटक दुसऱ्या गावात परत तसंच होत नाही. 'जयपूर' ऐकलं आत्ता. सॅक्सोफोन बोलत असताना ड्रम्सवाला त्याला मध्येच काहीतरी विचारतो, आणि तो उत्तर देतो. बरोबर ऐकतोय ना मी?

---

सहावी तार | ६ जुलै, दुपारी २.००

आख्यान, अगदी बरोबर. असं ऐकणारा विद्यार्थी मिळायला मला दोन वर्षं लागतात.

---

दर्यावर्दी | ६ जुलै, रात्री ९.३०

धागा आवडला, संगीतही आवडलं. पण मूळ मुद्द्याशी सहमत नाही आणि ते स्पष्ट लिहितो.

माणूस मुंबईत जन्मलेला. तुकड्यांची नावं बघा, जयपूर, गंगा, मुंबईचा रस्ता, महाराणी. 'जॉइस कंट्री' हा तर आयर्लंडच्या पश्चिमेकडचा मुलूख. यात कोकण कुठे आहे? समुद्रसुद्धा नाही. एक गोवेकर आडनाव दिसलं की आपण लगेच माडाच्या सावल्या शोधू लागतो. डिसिल्वांनी वाजवलं ते जाझ, चार ब्रिटिश वादकांबरोबर, लंडनमध्ये. त्यांचं मोठेपण त्या जाझमध्येच आहे, ते तिथेच बघावं. सूर घेण्याची रीत आपली, हे ऐकणाऱ्याच्या मनातलंही असू शकतं.

---

खाडीपलीकडे | ७ जुलै, सकाळी १०.१०

मी काणकोणची. मराठी शाळेत शिकले, घरी कोंकणी, आजोळ मडगावला. म्हणून या वादात पडते.

दर्यावर्दी यांचा सावधपणा मला आवडला. गोव्याचा प्रत्येक वादक म्हणजे चर्चच्या गायनशाळेत घडलेला, असं सरसकट लिहिण्याची पद्धत पडलीय आणि मुंबईत जन्मलेल्या डिसिल्वांना ते जसंच्या तसं लावू नये. पण ज्या जगात ते वाढले ते जग त्या गायनशाळांनीच उभं केलं होतं, हेही तितकंच खरं. पोर्तुगीज काळापासून गावोगावच्या चर्चला जोडून शाळा होत्या. मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. पोट भरायला हीच मुलं मुंबईला गेली. मुंबईत त्यांच्या गावागावाच्या कुडी होत्या, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून राहायच्या जागा, धोबीतलावाला, माझगावला. तुमच्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या असत ना, तशाच. हॉटेलांतले बँड त्यांचे, सिनेमाच्या वाद्यवृंदातली कितीतरी व्हायोलिनं आणि ट्रंपेट त्यांचे.

आणि दोन संगीतं एकत्र कशी आणायची हा प्रश्न त्या पिढीला पडलेलाच होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या, ज्यांचं नाव पुढे एका सिनेगीतामुळे घरोघरी गेलं. प्यारेलाल त्यांचे शिष्य. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि राग मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहून वाजवून घेतले. गोन्साल्विस मोठ्या वाद्यवृंदाच्या वाटेने गेले. डिसिल्वा पाच माणसांच्या. प्रश्न तोच.

कोकण कुठे, तर हे घ्या. 'इंटिग्रेशन'च्याच वर्षी, १९६९ मध्ये, डिसिल्वांनी जो हॅरिएट यांच्याबरोबर 'हम दोनो' हा अल्बम केला. हॅरिएट जमैकाचे, आल्टो सॅक्सोफोन वाजवणारे, तेही समुद्र ओलांडून लंडनला आलेले. त्यातल्या एका तुकड्याचं नाव 'बॅलड फॉर गोवा' आहे. त्या अल्बममध्ये नॉर्मा विन्स्टन यांचा आवाज आहे, पण शब्द नाहीत, वाद्यासारखा आवाज. मी तो तुकडा माझ्या मावशीला ऐकवला. वय ८१, लग्नांतून मांडो गायलेली. तिने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, मांडो नाही हा, पण मांडो संपल्यावर लोक घरी जायला निघतात ना, तेव्हाचं वाटतं. याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

---

सुपारीची बाग | ७ जुलै, सकाळी ११.३०

मावशींना नमस्कार सांगा. वाचून अंगावर काटा आला.

---

पेटीचा सूर | ७ जुलै, रात्री १०.००

दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. नावांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. 'इंटिग्रेशन'मध्ये कोकण असं नाव कुठेही नाही. पण "मुंबईत जन्मलेला" या शब्दांवर मी अडलो.

माझा मोठा भाऊ लालबागला जन्मला. त्याची मुलंही तिथलीच. गाव विचारलं तर तिन्ही पिढ्या कुडाळ सांगतात. गणपतीला गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तरी उभ्याने येतात. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची आणि रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. एकाच बोटीत गिरणीत काम करणारा आमचा माणूस आणि हॉटेलात वाजवणारा गोव्याचा माणूस शेजारी शेजारी ओकत बसायचे, असं वडील सांगत. मुंबईतल्या जन्माने गाव सुटत नाही. निदान आपल्याकडे तरी नाही.

आणि डिसिल्वांच्या बाबतीत तर पुरावा त्यांनी स्वतः ठेवलाय. म्हणून आता 'कोकण डान्स'बद्दल लिहितो, ज्याने हे सगळं सुरू झालं.

ही रेकॉर्ड त्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केली. डॉन रेंडेल इथेही आहेत. ॲलन ब्रॅन्सकोम आहेत. आणि 'इंटिग्रेशन'मध्ये जी वाद्यं घेतली नव्हती ती आता आली, क्लेम अल्फर्ड यांची सतार आणि केशव साठे यांचा तबला. केशव साठे! आपलं माणूस लंडनच्या जाझमध्ये इतक्या मध्यभागी बसलेलं होतं आणि मला पन्नाशी उलटेपर्यंत त्यांचं नाव माहीत नव्हतं. याच साठ्यांनी १९६६ मध्ये जो हॅरिएट आणि जॉन मेयर यांच्या 'इंडो-जाझ स्वीट'मध्ये तबला वाजवला होता. पाच जाझवाले आणि पाच देशी वाद्यांचे, असा तो दुहेरी संच.

रेकॉर्ड तयार झाली, पण बाजारात आली नाही. निघाली ती २००६ मध्ये, डिसिल्वांना जाऊन दहा वर्षं झाल्यावर. कोकणाचं नाव घातलेली रेकॉर्ड तीस वर्षांहून जास्त काळ कुणी ऐकली नाही. हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या बुवांनी बांधलेल्या कितीतरी चाली अशाच गेल्या, टेप केलेल्या कॅसेट बुरशीने खाल्ल्या. म्हणून ही वाचली याचं मोल मला फार आहे.

'कोकण डान्स'मध्ये जाखडी नाही, शिमग्याचा ढोल नाही, घुमट नाही. ते शोधत गेलात तर हाती काही लागणार नाही. पण लंडनमध्ये बसून, जयपूर-मुंबई-गंगा ही नावं वापरून झाल्यावर, त्या माणसाने एका सुरावटीला 'कोकण' म्हटलं. 'गोवा'ही म्हणू शकला असता, ते नाव आधी वापरलेलंच होतं. त्याने अख्ख्या किनाऱ्याचं नाव घेतलं, म्हणजे त्यात माझंही गाव आलं.

ऐकणाऱ्याच्या मनातलंही असू शकतं असं तुम्ही म्हणता. असेल. भजनातही अर्धा अभंग ऐकणाऱ्याच्या मनातच पुरा होतो.

---

दर्यावर्दी | ७ जुलै, रात्री १०.४५

बोटीचा परिच्छेद वाचून थांबलो. माझे आजोबा त्याच बोटीवर खलाशी होते. 'कोकण डान्स' अजून ऐकलेली नाही, ऐकतो आणि मग लिहितो. जाझ म्हणूनच ऐकणार, ते मात्र सोडणार नाही.

---

सहावी तार | ८ जुलै, सकाळी ८.०५

जाझ म्हणून ऐकायचं तर त्यासाठी एक गृहपाठ देतो. 'जयपूर' हा तुकडा 'इंटिग्रेशन'मध्येही आहे आणि 'हम दोनो'मध्येही. एकच वर्ष, एकच रचनाकार. दोन्हींत इयन कार आणि डेव्ह ग्रीन आहेत. ड्रम्सवर मात्र 'हम दोनो'ला ब्रायन स्प्रिंग, आणि रेंडेल यांच्या जागी हॅरिएट. आधी एक, लगेच दुसरा असं ऐका. रेंडेल आणि कार सहा वर्षं एकत्र वाजवत आलेले, एकमेकांचं बोलणं माहीत असलेले. हॅरिएट यांचा आल्टो धारदार, पुढे घुसणारा. गिटार दोघांशी वेगवेगळी वागते. चाल तीच, घर दुसरं. आख्यान, तुमच्या भाषेत, एकच आख्यान दोन वेगळ्या मंडळांनी केलेलं.

तसाच 'अ स्ट्रीट इन बॉम्बे' हा तुकडा 'इंटिग्रेशन'मध्ये आणि पुढे 'कोकण डान्स'मध्येही आहे. पहिल्यात ड्रम्स, दुसऱ्यात साठ्यांचा तबला. पेटीचा सूर यांचा दावा तपासायला याहून चांगली जोडी नाही. तबला आल्यावर ते संगीत जास्त देशी झालं का? माझं मत असं की तालात झालं, सुरात नाही. सुरात ते आधीच तिथे होतं.

अवांतर: रेंडेल-कार वाद्यवृंद १९६९ मध्येच फुटला. कार यांनी 'न्यूक्लियस' हा नवा वाद्यवृंद काढला, विजेची वाद्यं घेऊन. पुढे त्यांनी जाझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांचं चरित्रही लिहिलं. म्हणजे 'इंटिग्रेशन'मध्ये जे चौघे एकत्र दिसतात ती त्यांच्या एकत्र वाजवण्याची शेवटची वेळ होत आली होती. हे माहीत झाल्यापासून मला तो अल्बम आणखी हळवा वाटतो.

---

सुपारीची बाग | ९ जुलै, रात्री ९.१५

सहावी तार यांनी सांगितलेलं केलं. 'महाराणी'ची सुरुवात सहा वेळा ऐकली, सुपाऱ्या सोलताना. मग पुढे जाऊ दिलं आणि मनात चाल धरून ठेवली. मध्ये एकदा सुटली, मग बास ऐकून परत पकडली. शेवटी सगळे हेडवर आले तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते! चाळीस वर्षांत संगीत ऐकून इतका आनंद क्वचित झालाय.

'जॉइस कंट्री' माझा सगळ्यात आवडता. नवऱ्याने बायकोच्या नावाचा तुकडा केला आणि त्यातच तिचा मुलूखही आला, हे कळल्यावर जास्तच.

---

खाडीपलीकडे | १० जुलै, दुपारी ४.००

+१, 'जॉइस कंट्री'ला. 'स्टेफानोज डान्स' त्यांच्या मुलाच्या नावाचा आहे, तो 'हम दोनो'त. गाव, घरची माणसं, ज्यांनी हातात वाद्य दिलं ती महाराणी. सगळ्यांची नावं त्यांनी तुकड्यांना दिली. आमच्याकडे घरांना आणि होड्यांना देतात तशी.

---

पेटीचा सूर | १३ जुलै, रात्री ११.३०

काल शनिवारची भजनाची तालीम झाल्यावर देवळात दहा-बारा जण थांबले. भाच्याचा स्पीकर होता, त्यावर 'जयपूर' लावलं. काही सांगितलं नाही, कुणाचं, कुठलं. पाऊस चालूच होता.

पहिल्यांदा सगळे गप्प. दुसऱ्यांदा लावल्यावर आमच्या पखवाजवाल्याने पखवाज परत पुढे ओढला. कणीक नुकतीच काढलेली होती, ती परत लावून वाजवायला बसला. आधी साधा ठेका धरून बघितला, तो बसेना. मग ठेका सोडून फक्त डाव्या हाताने खालचा घुमार देत राहिला, बासच्या बरोबरीने. झांजवाला पोरगा ड्रम्सवरच्या थाळीकडे कान लावून होता. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा दोघांचं जुळलं, निदान हेडपुरतं. सोलो सुरू झाला की सुटायचं, हेड परत आलं की पकडायचे. गिटारच्या सोलोत एका जागी बुवा "वा" म्हणाले, आणि ती जागा मला वाटत होती तीच होती, जिथे तो वरच्या सुराला खालचा कण लावून थांबतो.

पखवाजवाल्याचा एक प्रश्न आहे, सहावी तार, तुमच्यासाठीच. हेड संपून पहिला सोलो सुरू होतो तिथे तो सम धरतो ती एक मात्रा आधी पडते असं त्याला वाटतं, मला वाटतं बरोबर पडते. चारदा ऐकून दोघांनी आपापली बाजू सोडली नाही. तुम्ही मोजून सांगाल का? येत्या शनिवारी 'गँजेस' लावणार आहोत, त्याच्या आधी हे मिटायला हवं.